मुले निजल्यावर

दुपारची झोप ही मराठी गृहजीवनातील जुनी आणि सर्वमान्य चाल आहे. जेवण झाले, सुपारीचे खांड तोंडात पडले, की घटकाभर डाव्या कुशीवर कलंडावे असे वडीलधारे सांगत आले. 'वामकुक्षी' हा शब्दच त्यातून आला. पुण्याच्या दुकानांवरील 'एक ते चार बंद' या पाट्यांची थट्टा इंदूर-बडोद्यापासून बंगळूरपर्यंत, जेथे जेथे मराठी माणूस आहे तेथे तेथे होते. मात्र थट्टा करणारे स्वतः रविवारी दुपारी काय करतात, हे त्यांच्या घरच्यांना पुरते ठाऊक असते. सरकारी कचेरीत भोजनोत्तर एखाद्याची मान फायलीवर कललीच, तर फार तर एखादे टपाल उद्यावर जाते. त्यावरून कोणी आकाशपाताळ एक करीत नाही. अशा या समाजात एका व्यक्तीच्या दुपारच्या झोपेविषयी मात्र अलीकडे बऱ्याच कठोरपणे बोलले जाते. ती व्यक्ती म्हणजे आपल्या राहत्या घरात पाळणाघर चालविणारी बाई.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांपैकी पुष्कळांनी ही बाई पाहिलेली आहे. मुले तिला मावशी म्हणतात, काकू म्हणतात, केस पिकले असतील तर आजी म्हणतात. डोंबिवलीच्या चाळीवजा इमारतीत, कोथरूडच्या दोन खोल्यांत, दिल्लीच्या एखाद्या सरकारी वसाहतीत तिचे हे काम चालते. सकाळी आठ वाजण्याच्या आत पहिले मूल येते. शेवटचे मूल संध्याकाळी सातला, आगगाडी चुकली तर आठलाही जाते. मधल्या वेळात पाच-सहा मुलांचे खाणेपिणे, हगणेमुतणे, रुसणेफुगणे तिने एकटीने पाहावयाचे असते. कोणाला गुरगुट्या भात चालतो, कोणाला वरणाखेरीज घास उतरत नाही. कोणाला डब्यातली पोळी दुधात कुस्करून द्यावी लागते. दीडच्या सुमारास सतरंजीवर गाद्या पडतात, दुपटी अंथरली जातात, खिडकीचा पडदा ओढला जातो, आणि थोपटता थोपटता एकेक डोळा मिटू लागतो. दोन वाजता त्या घरात सकाळपासून प्रथमच शांतता होते. पहाटे पाचला उठलेल्या त्या बाईचे डोळे याच घटकेला जड होतात. तिने डोळे मिटावेत की मिटू नयेत?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु अलीकडे पुष्कळ पाळणाघरांत कॅमेरे बसले आहेत, आणि कचेरीत बसलेल्या आईला हातातील फोनवर आपले मूल पाहता येते. मूल निजलेले तिला दिसते, आणि त्याच्या शेजारी भिंतीला पाठ लावून निजलेली मावशीही दिसते. त्या संध्याकाळी दारात जे संभाषण होते ते सुखाचे नसते. आई म्हणते, आपण पैसे देतो ते लक्ष ठेवण्याबद्दल. मावशी म्हणते, मुले निजल्यावर लक्ष कशावर ठेवावयाचे? दिवसभर राबणाऱ्या माणसाने अर्धा तास पाठ टेकली तर बिघडले कोठे? दोघीही कष्टकरी आहेत, दोघीही दमलेल्या आहेत, आणि दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हा वाद रागाने मिटत नाही. त्याचा थोडा विचार करावा लागतो.

मावशीच्या बाजूने शास्त्राधारही काढता येईल. दिवसा झोपणे आयुर्वेदाला सामान्यतः मान्य नाही. ग्रीष्म सोडून इतर ऋतूंत त्याने कफ वाढतो असे चरकसंहिता मानते. परंतु त्याच ग्रंथाने काही जणांना या नियमातून सूट दिली आहे. त्या यादीत बालक आहे, वृद्ध आहे, दुर्बल आहे, आणि काम करून, ओझे वाहून थकलेला मनुष्यही आहे. म्हणजे चरकाच्या लेखी पाळणाघरातील मूल आणि त्याला सांभाळणारी बाई, दोघांनाही दुपारी निजण्याचा सारखाच अधिकार पोचतो. अडचण एवढीच, की दोघांनी तो एकाच वेळी बजावू नये. आणि याविषयी प्राचीन ग्रंथकाराला काही सांगण्याची गरज पडली नाही, कारण त्याच्या काळचे घर माणसांनी भरलेले होते. एक निजले तर चार जागे असत.

स्त्रिया घराबाहेर कामाला गेल्या आणि मुलाची झोप हा एकाएकी व्यवहाराचा प्रश्न झाला. या बाबतीत मुंबईचा इतिहास सुखद नाही. कापडगिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. त्यांची तान्ही मुले खोलीवर, एखाद्या म्हातारीच्या किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या हवाली असत. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करविली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफूच्या 'बाळगोळ्या' देण्याची चाल सर्रास असल्याचे आढळले. मूल दिवसभर गुंगीत राही, रडत नसे, दूध मागत नसे. आईची पाळी निर्वेध पार पडे. त्या गोळीला केवळ अज्ञान म्हणून भागणार नाही. मुलापाशी जागे राहावयास कोणी नव्हते, म्हणून मुलालाच निजविण्यात येत होते. पुढे व्हिटली आयोगाने १९३१ साली कारखान्यांतून पाळणाघरे असावीत अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले, आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या तीसवर आणली. त्या कायद्यात खोली पुरेशी असावी, तीत उजेड व वारा असावा, ती स्वच्छ असावी, आणि मुलांच्या संगोपनाचे शिक्षण मिळालेल्या स्त्रियांच्या ताब्यात असावी, असे सांगितले होते.

तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडविला. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असते, हे त्यांनी पाहिले. तेव्हा शाळेच्या आवारातच पाळणाघर आणि बालवाडी घालून त्यांनी विकासवाडी उभी केली: मुलीने भावंडासह यावे, त्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, तीही अशाच निकडीतून. हे सारे प्रयत्न संस्थांचे होते. तेथे निदान दोन माणसे असत. घरगुती पाळणाघर मात्र या कायद्यांच्या आणि संस्थांच्या कक्षेबाहेर, शेजारधर्माच्या आधारावर वाढले. २०१७ साली प्रसूतिलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी आली, आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. पण ज्या असंख्य आया लहान दुकानांत, शाळांत, दवाखान्यांत काम करतात त्यांना मावशीचा दरवाजाच वाजवावा लागतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे तर, निजलेल्या मुलांवर लक्ष कशाचे ठेवावयाचे, हा मावशीचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. मूल जागे असताना त्याच्यावरील संकट सहसा आवाज करून येते. ते पडते, रडते, दुसऱ्याला चावते; बाई स्वयंपाकघरात असली तरी धावत येते. निजलेल्या तान्ह्या मुलावरील संकटाला आवाज नसतो. दुपटे तोंडावर आले, मऊ उशीत नाक रुतले, ओकलेले दूध घशाशी आले, तर चारपाच महिन्यांचे मूल ओरडत नाही.  आपल्याकडे डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी देण्याची हौस आहे. वर्षाच्या आतील मुलाला उशीच देऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. साडीची झोळी बांधण्याची पद्धत तर घरोघर आहे. झोळीत मूल दुमडले जाते, हनुवटी छातीला टेकते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला केवळ कापडाचा एक स्वस्थ फुगवटा दिसतो.

मुलाला पालथे न निजविता उताणे निजवावे, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली दिला आणि १९९४ पासून त्याचा देशभर प्रचार झाला. पुढच्या सुमारे दहा वर्षांत तेथील तान्ह्या मुलांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. त्याच देशात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र एक अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली. अशा मृत्यूंपैकी सुमारे एकपंचमांश मृत्यू मूल परक्याच्या सांभाळात असताना घडले होते, आणि त्यांतील पुष्कळसे पहिल्याच आठवड्यात. घरी उताणे निजण्याची सवय असलेल्या मुलाला तेथे पालथे निजविले गेल्याचे कित्येक प्रकरणांत दिसले. जागे राहिल्याने असा प्रत्येक अनर्थ टळेलच असे कोणीही म्हणणार नाही. मूल निजविताना घेतलेली काळजी ही नंतरच्या पहाऱ्याहून अधिक मोलाची आहे. परंतु उताणे निजविलेले मूल पाच-सहा महिन्यांचे झाले की आपले आपण कूस बदलू लागते, दुपटे पायाने वर ओढून घेते. ते पाहावयास उघडा डोळा लागतो.

दुसरा धोका निजलेल्या मुलाचा नसून अगोदर जाग आलेल्या मुलाचा असतो, आणि पाळणाघर चालविणाऱ्या अनुभवी बायका याचीच अधिक धास्ती घेतात. सहा मुले एकाच क्षणी निजत नाहीत आणि एकाच क्षणी उठत तर मुळीच नाहीत. अडीच वर्षांचा एखादा गृहस्थ पावणेतीनला डोळे उघडतो. सारे घर निजलेले पाहून त्याला अपूर्व स्वातंत्र्य लाभते. तो तान्ह्या बाळाच्या तोंडात शेंगदाणा घालून पाहतो, कडी काढून जिन्यापर्यंत जातो, न्हाणीघरातील बादलीत वाकून पाहतो. बादलीत वीतभर पाणी असले तरी एवढ्या मुलाचा जीव जाण्यास ते पुरते, आणि तेही काही मिनिटांत, आवाज न होता.

येथे कोणी म्हणेल की आईसुद्धा मुलाजवळ दुपारी निजतेच. तिला कोण बोल लावतो? शिवाय आईची झोप सावध असते, मूल चुळबुळले तरी ती जागी होते. हे खरे आहे. परंतु जे चुळबुळत नाही, त्याचे काय, हे वर सांगितलेच आहे. आणखी एक भेद आहे. आईपुढे एक मूल असते, फार तर दोन. त्याचा श्वास, त्याची सवय, काल रात्री त्याला कणकण होती की नाही, हे तिला ठाऊक असते. मावशीपुढे पाच घरांतून आलेली पाच मुले असतात. आणि आईने घेतलेला धोका तिचा स्वतःचा असतो. मावशीच्या हाती दुसऱ्याची ठेव असते. दागिना गहाण ठेवून घेणारा सराफसुद्धा स्वतःच्या पेटीपेक्षा गहाणाच्या पेटीला अधिक जपतो. इंग्लंडमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्यांची नोंदणी होते. तेथील नियमानुसार एका व्यक्तीकडे आठ वर्षांखालील सहाच मुले, आणि त्यांत वर्षाच्या आतील सामान्यतः एकच, अशी मर्यादा आहे, व निजलेल्या मुलांना वारंवार पाहिले पाहिजे असे स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकेच्या अनेक राज्यांतील परवान्यांच्या नियमांत तर मुले निजली असताना सांभाळणाऱ्याने जागे असावे, असाच शब्दप्रयोग आढळतो.

तेव्हा मावशीने निजू नये, हे उत्तर निर्विवाद आहे. पण एवढ्यावर थांबणारे पालक आपली अर्धी जबाबदारी विसरतात.

केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या कालविनियोगाच्या पाहणीत असे दिसले, की घरचे बिनमोल काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि पुरुषांचा ८८ मिनिटे. पाळणाघरवाल्या बाईचे हे पावणेपाच तास तिच्या धंद्याच्या वेळेबाहेरचे आहेत. ती सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर स्वतःच्या घरचा स्वयंपाक करते, धुणे धुते, सासूचे औषधपाणी पाहते. कारखान्यातील कामगाराला जेवणाची सुटी असते. पहारेकऱ्याची पाळी बदलते. तिला पाळी बदलून देणारे कोणी नसते. सकाळपासून सहा तास उभी राहिलेली बाई अंधार केलेल्या खोलीत, पंख्याखाली, निजलेल्या मुलांच्या एकसुरी श्वासात बसली की तिला झोप येणे हा स्वभावाचा दोष नव्हे, तो शरीराचा धर्म आहे. केवळ धाक घालून माणूस जागे राहत नाही. फार तर डोळे उघडे ठेवून निजावयास शिकतो, आणि कॅमेऱ्याला ते कळत नाही.

लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांची झोप हा असाच एक अवघड प्रश्न होता. अमेरिकेच्या नासा या संस्थेने त्याचा अभ्यास करून १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशांत महासागरावरील उड्डाणांत वैमानिकांना आळीपाळीने खुर्चीतच चाळीस मिनिटे विसावा देण्यात आला. त्यात त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली, आणि उतरण्याच्या वेळी ते न झोपलेल्यांपेक्षा अधिक तरतरीत आढळले. या प्रयोगाचा आधार घेऊन झोपेची तरफदारी करणारे एक गोष्ट सांगावयाची विसरतात. एक जण निजला असता पथकातील इतर जागे होते, आणि तसे आधी ठरलेले होते. पाळणाघराला लागू पडणारा धडा तोच आहे. मावशीच्या अर्ध्या तासाच्या झोपेला हरकत नाही. त्या अर्ध्या तासात दुसरा एक प्रौढ माणूस जागा पाहिजे. २०१७ साली नव्या स्वरूपात आलेल्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरली होती. पंचवीसांना दोन हे प्रमाण थोरले नाही आणि त्यांना ठरविलेले तीन हजार व दीड हजारांचे मासिक मानधन तर त्याहून थोडके. तरी दोन माणसे असावीत एवढे तत्त्व तेथे मानले गेले होते.

घरगुती पाळणाघरात हे दुसरे माणूस आणावयाचे कोठून? महाविद्यालयातून एक वाजता परतणारी शेजारची मुलगी दोन ते तीन बसू शकते. तिला पुस्तक वाचावयाचेच असते, ते येथे वाचावे. एकाच इमारतीत दोन बायका असे काम करीत असतील तर दुपारच्या दोन तासांपुरती मुले एकत्र निजवून त्यांनी आळीपाळीने विसावा घ्यावा. निवृत्त आजोबांची सूचना नेहमी पुढे येते आणि ती वाईटही नाही. मात्र त्या वेळी आजोबांनाच जागे ठेवण्यास तिसरे माणूस लागू नये. या तासाचे पैसे पालकांनी द्यावेत. पाच घरांत वाटले तर ते दरमहा एखाद्या उपाहारगृहातील एका वेळच्या जेवणाहून फारसे होणार नाहीत.

दुसरे माणूस मिळालेच नाही, तर मावशीने बसावे, पण उजेडात बसावे. खोली काळोखी करण्याची गरज नसते. मुलांना मंद उजेडातही झोप लागते आणि त्या उजेडात मुलाच्या ओठांचा रंग दिसतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून प्रत्येकाच्या छातीची हालचाल पाहावी, दुपटे छातीखाली सारावे, न्हाणीघराची कडी लावलेली आहे ना ते पाहावे. जुन्या बायका दुपारी वाती वळीत, तांदूळ निवडीत, हलक्या आवाजात रेडिओवरचे 'वनिता मंडळ' ऐकत. त्यांचे हात चालत आणि डोळे मिटत नसत. फोनचा पडदा हे काम करीत नाही. तो डोळे उघडे ठेवतो, पण नजर मुलावरून काढून घेतो.

सर्वांत अवघड दिवस कोणता, तर ज्याच्या आदल्या रात्री मावशीला स्वतःलाच झोप मिळालेली नाही. घरात आजारपण असते, लग्नघर असते, पाण्याचा टँकर पहाटे तीनला येतो. त्या दुपारी ती कितीही निश्चय करून बसली तरी तिचा डोळा लागणार. अशा दिवशी तिने सकाळी सातलाच पाचही घरी कळवावे, की आज मुले घेता येणार नाहीत, किंवा दुपारपर्यंतच घेता येतील. आज ती असे कळवीत नाही, कारण कळविले तर महिन्याचे पैसे कापले जातील किंवा पुढच्या महिन्यापासून मूल दुसरीकडे जाईल, अशी तिला भीती असते. म्हणून मूल ठेवताना जशी डब्याची, दुधाची, औषधाची बोलणी होतात तशी याचीही व्हावीत. वर्षाकाठी तिला किती दिवस सुटी, त्या दिवसांचे पैसे कापावयाचे नाहीत, संध्याकाळी किती वाजेपर्यंत मूल नेले पाहिजे, आणि दुपारी दोन ते तीन घरात दुसरे कोण असेल, हे चार ओळींत लिहून दोघांनी आपापल्यापाशी ठेवावे. आणि सकाळी सातला तिचा निरोप आला, तर त्या दिवशीची रजा आईनेच काढावी की वडिलांनी, हे मात्र त्या घराने आदल्या दिवशी ठरवून ठेवलेले बरे.